दुधातली पावडर

ग्लास रिकामा होईपर्यंत देवराम स्वयंपाकघराच्या दारातून हलला नाही. अंबूबाईने हळदीचं दूध फुंकून फुंकून संपवलं, तळाशी राहिलेली हळद बोटाने पुसून चाटली आणि ग्लास लेकाच्या हातात दिला.

"रोज असा काय उभा ऱ्हातो रं? मी काय ल्हान पोर हे का सांडायला?"

"तसं नाय आई. गोड झालं का म्हणून बघतो."

"दूध ते दूध. त्यात काय बघायचं?"

मग तिने दोन्ही तळवे फरशीवर टेकले आणि भिंतीला हात न लावता उभी राहिली. दोन महिन्यांपूर्वी याच कामाला एका बाजूने देवराम आणि दुसऱ्या बाजूने सून सरिता, अशी दोन माणसं लागत. उभी राहून तिने खिडकीकडे तोंड केलं. खिडकीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी तेवढी दिसायची, पण वणीच्या देवीचा गड त्याच दिशेला आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने हात जोडले.

"तिनंच बरं केलं बघ. औंदा चैतात पायऱ्या चढून जाईन. ते ट्रॉलीत बसायचं नाय. तिच्या एकेका पायरीला हात लावून वर जायचं."

"जाऊ की," देवराम म्हणाला आणि ग्लास विसळायला मोरीत गेला. साधा ग्लास तो, पण त्याने तीनदा घासला.

देवरामचं घर म्हसरूळला आणि नोकरी दिंडोरी रस्त्यावरच्या कोंबड्यांच्या कारखान्यात. कारखान्याच्या एका अंगाला कोंबड्या साफ होऊन, पाकीटबंद होऊन बाहेर पडत. उरलेले पाय आणि कातडी पूर्वी ट्रॅक्टरने खड्ड्यात नेऊन टाकत, आणि त्यावर आसपासच्या चार गावांची कुत्री सुखाने पोसली जात. मग नवे मॅनेजर म्हणून अमित साहेब आले, टाक्या बसल्या, भिंतीवर 'टाकाऊतून टिकाऊ' असं लिहिलं गेलं आणि कुत्र्यांचे दिवस फिरले. आता ते पाय धुवायचे, नखं आणि पिवळी साल काढायची, दळायचे, आम्लाच्या पाण्यात भिजत घालायचे, मंद आचेवर शिजवायचे, आणि गाळून निघालेला चिकट रस यंत्रात वाळवायचा. शेवटी हाती यायची पांढरी, पिठासारखी पावडर. कोलॅजन. हा शब्द जिभेवर बसायला देवरामला आठ दिवस लागले होते. शिजवण्याच्या टाकीवर तो होता आणि कामात चोख होता.

पावडरीला वास नव्हता, चव नव्हती. तिथेच सगळा घोळ झाला.

प्रत्येक घाण्यातली एक छोटी बरणी तपासणीला जायची. तपासून झाल्यावर उरलेली पावडर फेकून द्यायची पद्धत होती. एकदा ती फेकता फेकता प्रयोगशाळेतल्या प्रतिभा मॅडम सहज म्हणाल्या, "देवराम, शहरातले लोक ही गुडघ्यांसाठी दुधात घालून पितात बरं का. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण पितात." त्या दिवशी सकाळीच अंबूबाई संडासातून उठता येईना म्हणून आतून हाका मारत होती. दार खिळखिळं करून सरिताने तिला बाहेर काढलं, तेव्हा म्हातारी लाजेने रडली होती. देवरामने मॅडमना विचारून दोन बरण्या घरी आणल्या, संपत आल्या की आणखी आणल्या. मॅडमना विचारलं. जिला विचारायला हवं होतं तिला विचारलं नाही.

कारण विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती हे त्याला माहीत होतं.

देवराम सात वर्षांचा असताना ताप त्याच्या मेंदूत गेला होता. सिव्हिल हॉस्पिटलात अकरा दिवस त्याला शुद्ध नव्हती. अंबूबाई खाटेखाली बसून असायची आणि थोड्या थोड्या वेळाने उठून हाताची पालथी बाजू त्याच्या कपाळाला लावायची. नर्सच्या थर्मामीटरवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. अकराव्या दिवशी तिने तिथूनच गडाकडे तोंड केलं आणि म्हणाली, आई, एवढं पोर राहू दे, जन्मात वशाट तोंडाला लावणार नाही. बाराव्या दिवशी पोराने पाणी मागितलं.

तेव्हापासून पस्तीस वर्षं झाली. त्याच्या हळदीला मटणाच्या पंगती उठल्या तेव्हा ती मागच्या दारी लोणचं-भाकरी खात होती. एकदा अंड्याच्या कालवणातली पळी चुकून तिच्या आमटीत पडली, तर तीन दिवस नुसत्या पाण्यावर राहिली. तिचा तवा वेगळा, पातेलं वेगळं. लेकाच्या नोकरीला मात्र कधी नाक मुरडलं नाही. पोटापुढे कुणाचं काय चालतं, म्हणायची. त्याने कामावरून आलं की मागच्या मोरीत आंघोळ करावी, कपडे वेगळ्या बादलीत टाकावेत आणि मग घरात यावं, एवढाच तिचा नेम. देवराम तो नेम पाळायचा. दोन महिने तो रोज अंगावरचं धुऊन यायचा आणि सकाळी तेच चमच्याने तिच्या दुधात ढवळायचा.

सरिताला बरणी हळदीच्या डब्यामागे सापडली, तेव्हा त्याने खरं सांगून टाकलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"अहो, पण हे वशाटच ना?"

"आता कुठं कोंबडी राहिली त्यात? वास तरी येतो का?"

"वास नाय आला म्हणून झालं का?"

"तिला उठता येतंय ना? बघती ना तू?"

सरिताने बरणी पुन्हा हळदीच्या डब्यामागे ठेवली. तिलाही उठता येणारी सासू हवीच होती. गुण पावडरीचा, की थंडी सरल्याचा, की सरिता रोज चोळायची त्या तेलाचा, हे गडावरची देवीच जाणे. पण खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे खाणारी निवांत होती आणि खवखव खाऊ घालणाऱ्याला होती. अंबूबाई गडाकडे बघून हात जोडायला लागली, तशी ती असह्य झाली. आई जिचे आभार मानते आहे तिला दिलेला शब्द आपण मोडून ठेवलाय, आणि त्याच पायांनी ती देवीच्या पायऱ्या चढणार, हे देवरामच्या घशाखाली उतरेना. त्या ग्लास विसळण्याच्या दिवसापासून त्याने पावडर बंद केली. उरलेली बरणी गुपचूप कारखान्यात नेऊन फेकली. वाटलं, प्रकरण मिटलं. आईला कळायचं कारण नाही.

रंगपंचमीपर्यंत गुडघे पुन्हा धरले.

अंबूबाईने आधी कुणाला सांगितलं नाही. मग एका सकाळी बसल्या जागेवरून हाक मारली, "सरिता, हात दे गं." दुपारपासून तिने जेवण सोडलं. एक वेळ भगर, तीही मिठाशिवाय.

"काय झालं आई?"

"मपलंच कायतरी चुकलं असंल. दिलेलं तिनं माघारी नेलं. उगं नेत नाय ती."

दोन दिवस तिने चूक हुडकली. माणूस शोधायला बसला की चूक सापडतेच. शेजारची मनीषा म्हातारीला आवडतात म्हणून तिच्यासाठी पालकाची भजी आणायची. अंबूबाईला ती भजी आठवली. त्या कढईत मनीषा पोरांना अंडी करून देत असणार. तिने दारात उभ्या असलेल्या मनीषाला सरळ सांगितलं, "माझं पस्तीस वर्षांचं पुण्य बुडवलं बाई तू. आता या घरात काय आणू नको."

मनीषा रडत देवरामला फाटकाशी गाठून म्हणाली, "भाऊ, माझी कढई वेगळी हे हो. देवीची आण घेते. काकूंना सांगा ना तुम्ही."

"सांगतो," तो म्हणाला. आणि त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. टाकीसमोर उभा राहून तो उकळत्या रसाकडे बघत राहिला. कोंबडीच्या पायांसाठी एका निरपराध बाईला चोर ठरवलं आपण, असं त्याला वाटलं, आणि स्वतःचीच शिसारी आली.

मंगळवारी पहिली पाळी करून तो दुपारी घरी आला. मागच्या मोरीत आंघोळ केली, कपडे बादलीत टाकले. अंबूबाई दारापुढच्या ओट्यावर उन्हात बसून गुडघा चोळत होती. चार दिवसांच्या भगरीने तिचं तोंड सुकलं होतं. देवराम तिच्यासमोर खाली बसला.

"आई, मनीषाच्या कढईचा दोष नाय."

"मग?"

"तुझ्या दुधात मी पावडर घालत होतो. दोन महिने. तुझे पाय बरे व्हावे म्हणून."

"औषधच ना ते? मग काय झालं त्याला?"

"कोंबडीच्या पायाची पावडर होती ती. आमच्या कारखान्यातली."

अंबूबाईचा गुडघ्यावरचा हात थांबला. समोरच्या रस्त्याने भाजीचा टेम्पो गेला, त्याचा भोंगा लांब जाईपर्यंत ती तिकडेच बघत राहिली.

"कवापासून म्हणला?"

"पौषापासून. शिमग्याआधी बंद केली."

"रोज?"

"रोज."

तो वाट बघत होता. तिने शिव्या घालाव्यात, एक थोबाडीत द्यावी, निदान रडावं. काहीही चाललं असतं. पण तिचं तोंड भलतंच दिसत होतं. त्यात राग नव्हता. ती भ्यायली होती.

"मनीषाला उगंच बोलले मी," ती हळूच म्हणाली. "तिला हाक मार नंतर."

"मारतो. आई, माझं चुकलं. मला–"

"इकडं ये."

"काय?"

"जवळ ये म्हणते ना. वाक खाली."

बेचाळीस वर्षांचा, टक्कल पडायला लागलेला देवराम गुडघ्यांवर पुढे सरकला आणि वाकला. अंबूबाईने हाताची पालथी बाजू त्याच्या कपाळाला लावली. मग मानेला. मग पुन्हा कपाळाला.

"डोकं दुखतं का रं तुझं?"

"नाय आई."

"कणकण? काल-परवा काय वाटलं होतं?"

"नाय गं. काय नाय झालं मला."

"गप," ती म्हणाली. तिने एकदा गडाच्या दिशेला बघितलं, पण हात काढला नाही.