चिंध्यांनी बुजवलेला झरोका

दचकू नका मित्रांनो. स्टोव्हच्या वरून, छताला लागून जो बोलतोय, तो मीच. सुरतेजवळच्या बमरोलीतला एक जुना झरोका. माझा स्वभाव पहिल्यापासून काळजी करण्याचा आहे. घरात काही करपट वास आला तरी माझ्या जिवाचं पाणी होतं. आजही ते झालंय, आणि का झालंय ते सांगण्यासाठीच तुम्हाला थांबवलं.

माझा जन्म हिलाल मिस्त्रीच्या हातून झाला. सुकलाल नावाचा खानदेशी तरुण सांच्याच्या खात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या कारखान्यात कामाला होता. त्याच्या एका खोलीच्या घरावर स्लॅब टाकला गेला, तेव्हा भिंतीत मला जागा ठेवायला तो तयारच नव्हता. "चोर येईल, मांजर येईल," असं म्हणत होता. हिलाल मिस्त्री हसला आणि म्हणाला, "घरले बी नाक पाहिजे ना भो!" मग त्याने मशिनच्या खोक्याच्या फळीची झडप केली, तीन लोखंडी गज बसवले, आणि मी त्या घराचं नाक झालो.

माझी उमेदीची वर्षं फार चांगली गेली. सुकलालची बायको गायत्री सकाळी स्टोव्ह पेटवण्याआधी माझी झडप उघडायची. रॉकेलचा वास, फोडणीचा ठसका, ओल्या कपड्यांची कुबट वाफ, सगळं मी बाहेर घालवायचो. शेजारच्या पुष्पाबाई यायच्या आणि भिंतीवरून हात फिरवून म्हणायच्या, "गायत्री, तुझ्या घरात काजळी कशी नाही गं?" गायत्री माझ्याकडे बोट दाखवायची. खरं सांगतो, मला त्याचा फार गर्व वाटायचा.

मग चौऱ्याण्णव सालचा सप्टेंबर उजाडला. शहरात प्लेग आला म्हणून बोलवा उठली. लोक तोंडाला रुमाल बांधून हिंडू लागले. ज्याला जमेल तो ट्रकने, रेल्वेने, मिळेल त्या वाहनाने गावाकडे पळाला. आमच्या ओळीतल्या कित्येक दारांना कुलपं लागली. पण सुकलालला जाता येईना. गायत्री नुकतीच बाळंत झाली होती. मुलगी झाली होती. सव्वा महिना बाळंतिणीने उंबऱ्याबाहेर पडायचं नाही, हा घरचा रिवाज होता, आणि बाळंतपण करायला गावाहून आलेली सुकलालची आई, रंभाबाई, रिवाजाला पक्की होती.

मित्रांनो, रंभाबाई वाईट नव्हती. नातीवर तिचा जीव होता, आणि त्या जिवापायीच पुढचं सगळं घडलं. प्लेग वाऱ्यातून येतो असं तिने ऐकलं. तिने खात्यातल्या चिंध्यांचा मोठा बोळा माझ्या गजांत कोंबला. वरून कणकेची खळ लावून वर्तमानपत्राचा कागद चिकटवला. दाराच्या फटीत जुनं लुगडं दाबलं. "वारा मझार येवाले नको," ती म्हणाली, "रोग वारामाच शे." एवढं करून ती थांबली नाही. ओळीत जी दोन-चार घरं उरली होती, त्यांनाही जाऊन हेच शिकवून आली. म्हातारं माणूस सांगतंय म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

आणि आत काय चाललं होतं? बाळंतिणीच्या खाटेखाली कोळशाची शेगडी होती. तिच्यावर ओव्याची धुरी, धुरीवर कडुनिंबाचा पाला, वर लोबान. हवा शुद्ध व्हावी म्हणून! धूर विरला की रंभाबाईला वाटायचं, आता हवा चांगली झाली. पण विझत आलेल्या निखाऱ्यांमधूनही विषारी वायू येत राहतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, म्हणूनच माणसं फसतात. मला सगळं कळत होतं, पण माझ्या तोंडात बोळा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गायत्री भिंतीला टेकून कण्हत सासूला म्हणाली, "आत्या, मनं डोकं फुटी ऱ्हायनं." थोड्या वेळाने तिला उलटी झाली. खातं बंद म्हणून घरीच बसलेल्या सुकलालचे पाय लटपटू लागले. बाळ तर रडेचना. अंगावर घेतलं तरी ओढेना, नुसतं मान टाकून पडून राहिलं.

"माय, तोच रोग शे का?" सुकलालने विचारलं.

"कोनले सांगू नको," रंभाबाई म्हणाली. "दवाखानामा ली जातीन पोरले." तिने दाराच्या फटीतलं लुगडं आणखी घट्ट दाबलं आणि शेगडीत मूठभर कोळसे टाकले. मित्रांनो, त्या क्षणी मी किती तडफडलो ते सांगता येत नाही. ज्याच्या भीतीने दार बंद केलं तो रोग बाहेर होता, आणि मरण खाटेखाली बसलं होतं.

उलटीचं पातेलं धुवायला रंभाबाई दाराबाहेरच्या ओट्यावर गेली. तिथे तिला बराच वेळ लागला. परत आली ती दारातच थबकली. तिने बाळाच्या कपाळाला हात लावला, मग गळ्याला, मग पोटाला.

"अंग थंड शे पोरनं. ताप नही. मंग हाऊ कसाना रोग?" ती स्वतःशीच बोलली. पुन्हा ओट्यावर गेली, पुन्हा आत आली. "बाहेर बरं वाटस. मझार गऊ का डोकं जड व्हस."

गावाकडच्या तिच्या घरावर कौलं होती. तिथेही तिने बाळंतिणींना अशीच शेगडी दिली होती आणि कुणाला काही झालं नव्हतं, कारण कौलांच्या फटींतून सगळं निघून जायचं. इथे डोक्यावर स्लॅब होता. तिने वर छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उघडावं तर प्लेग आत येईल, न उघडावं तर पोर जाईल. मग तिने पदर खोचला, डब्यावर चढली, कागद फाडला आणि दोन्ही हातांनी बोळा उपसून काढला. सुकलालने शेगडी उचलून बाहेर नेली, दार सताड उघडलं.

बाळ लगेच रडलं नाही. गायत्री लेकीचे तळपाय चोळत राहिली. रंभाबाई देवाचं नाव घेत राहिली. आणि मग एक बारीक, चिडका आवाज आला. असा गोड आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

रंभाबाई मात्र तिथे थांबली नाही. अनवाणीच बाहेर धावली. "जाळ्या, झरोका उघाडा! मी सांगेल व्हतं ते चुकनं!" ती दारं बडवत होती.

"रंभामावशी, काल तुम्हीच बंद करायला लावलं आणि आज उघडा म्हणता?" पुष्पाबाई आतूनच ओरडल्या. "वारं येईल ना आत!"

त्यांच्या घरातही धुरीची शेगडी पेटलेली होती, आणि दम्याने आजारी सासरे बाबुराव आत होते. रंभाबाईने दार सोडलं नाही. चार लोकांत आपली चूक ओरडून सांगायला तिला लाज वाटली नाही. शेवटी दार उघडलं, आणि बाबुराव खोकत, भिंत धरत बाहेर आले.

त्याला आता दहा वर्षं झाली. सुकलाल-गायत्री भेस्तानला राहायला गेलेत. ती मुलगी शाळेत जाते. रंभाबाई गावी वारली. या खोलीत सुकलालचा धाकटा भाऊ नरेंद्र आणि त्याची बायको नूतन राहतात. प्लेगच्या त्या दुपारी दोघेही इथे नव्हते. त्यांनी टीव्ही आणला आणि त्याचा मोठा खोका ठेवायला जागा नव्हती, म्हणून माझ्यासमोरच्या फळीवर ठेवला. रोज संध्याकाळी दार लावून मच्छर अगरबत्ती पेटते. आणि काल नूतनची आई, सुभद्राबाई, आलीय. लेकीचे दिवस भरत आलेत. पोत्यातून कोळसे, ओवा आणि नवी शेगडी निघालीय. थंडी पडलीय, त्यामुळे दारही बंद राहणार.

मित्रांनो, सुभद्राबाईही प्रेमळ आहे, आणि याचीच मला मोठी धास्ती आहे. माझी हाक घरातल्यांना ऐकू जात नाही. तुम्ही आज घरी जाल तेव्हा आपल्या घरातला झरोका शोधा, त्याच्यापुढे काय ठेवलंय ते पाहा, आणि ते आधी काढा. आणि तुमच्यापैकी कुणी बमरोलीकडे येणार असेल, तर उशीर करू नका. नरेंद्रचं दार वाजवा आणि तो खोका हलवायला सांगा.