कोमट पाणी

माझा दीर शिवदास कारापूरला माझ्या भाड्याच्या खोलीच्या दारात आला, तेव्हा मी त्याला बस म्हटलं नाही. पाणीही विचारलं नाही. माझे यजमान अनंत गेले आणि तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी या माणसाने डिचोलीच्या आमच्या बेकरीला कुलूप घालून मला ट्रंकेसकट बाहेर काढलं होतं. भट्टी अनंतनी स्वतःच्या हातांनी बांधलेली, खमीर माझं. हा मात्र भट्टी स्वतः चालवू लागला आणि गावभर सांगत फिरला, सगळं माझंच.

"वयनी, खमीर मेलां," तो म्हणाला. "पावसात माडी गावली नाय. तुझ्याकडे सुक्यो वड्यो आसत मां? त्यो दी. आयतवारी मयेचो हाटेलवालो धा माणसां घेवन भट्टी बघूक येता. माझे उंडे पाव आवडले तर वर्षभर माझ्याकडसून घेतलो."

चुकलो म्हणाला नाही. कशी आहेस, तेही नाही. नुसतं 'दी'. माझं डोकं फिरलं.

वड्या होत्या, तांदळाच्या डब्यात. माडीच्या, म्हणजे नारळाच्या ताडीच्या, गाळात पीठ घालायचं, चार दिवस रोज चिमूट चिमूट मीठ वाढवायचं, मग सावलीत वाळवायचं. माझी मुलगी गौरवी म्हापशाच्या कॉलेजात हेच शिकते. ती सांगते, मीठ हळूहळू वाढलं की यीस्ट आपल्या पोटात गोडसर काहीतरी साठवतं आणि पाणी धरून ठेवतं. असं मुरलेलं यीस्ट मग वाळवलं तरी तग धरतं. एकदम मीठ ओतलं तर मरतं. मला हे पुस्तकातून कळायची गरज नव्हती. त्या घरात सासूने आणि या दिराने मलाही वीस वर्षं चिमूट चिमूट मीठच चारलं होतं, म्हणून या खोलीत मी वाळले पण मेले नाही.

मी त्याला सहा वड्या मोजून दिल्या. पीठ किती, मळायचं किती, झाकायचं कशाने, सगळं खरं सांगितलं. दोनच गोष्टी उलट्या सांगितल्या.

"पाणी खयचां घेव?" त्याने विचारलं.

"बावडीचां, थंडगार. आणि मीठ पयलीच घाल, मूठभर."

सुकलेलं यीस्ट कोमट पाण्यातच जागं करायचं असतं. थंड पाण्यात त्याची कातडी फाटते आणि आतलं सगळं वाहून जातं. मिठाचं तर विचारूच नका. पाप लागेल म्हणता? लागू दे.

उरलेल्या चार वड्या मी शनिवारी कोमट पाण्यात टाकल्या आणि रात्री पीठ मळून टोपलीत झाकलं. रविवारी सकाळी पीठ टोपलीच्या काठावर आलं होतं. दहाला फोन वाजला.

"वयनी, पीठ दगडासारख्या पडलां! लोक येवन बसले. आता काय करू?"

"फोन स्पीकरार लाव. अनंतान बांधलेली भट्टी आता कोणाची, तां त्या लोकांका सांग. मगे सांगतंय."

फोन स्पीकरवर गेला, मागची भांड्यांची खडखड ऐकू आली. मग त्याचा आवाज आला, पडलेला. "भट्टी माझ्या वयनीची. मियां कुलूप घातलंय."

मला दया आली नाही. बरं वाटलं, फार बरं वाटलं. वीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

"आता सांग, वयनी."

"काय सांगू? थंड पाण्यान मारलंस त्यांका. तां पीठ गटारात टाक." मी फोन टोपलीतल्या पिठाला लावला. आत बुडबुड्यांची चुरचुर चालली होती. "आयकलंस? ह्यां जिता आसा. भट्टी पेटव आणि चावी दारात ठेव. लोकांका चाय दी. सांग, मालकीण येता."

मी टोपलीवर ओलं फडकं टाकलं, ती कमरेवर घेतली आणि डिचोलीच्या बसला हात दाखवला.