हूकवाल्याचा शब्द

आमच्या यार्डात 'खल्लास' हा शब्द एकट्या हूकवाल्याचा. क्रेननं लोखंडी पत्रा खाली ठेवला की तो कोपऱ्यांतले आकडे काढणार, बाजूला होणार आणि मग ओरडणार, "खल्लास!" त्याशिवाय वरचा ड्रायव्हर साखळी उचलत नाही. क्रेन चालू असताना बाकी कुणी तो शब्द तोंडातून काढायचा नाही, संपला विषय. हूकवाला म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याचा जीव त्या एका शब्दावर टांगलेला, म्हणून पत्र्यांवर खुणा रंगवता रंगवता मी सगळ्यांच्या तोंडांवर लक्ष ठेवायची. "ताई, तू आधी तुझा ब्रश सांभाळ," म्हणून तो मला चिडवायचा.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वाद पेटला. वेल्डर अरब, तो म्हणाला, शब्द मुळात आमच्या अरबीतला, अर्थ सुटका. शिवाय पोरं भांडायला लागली की आई हाच शब्द ओरडते, म्हणजे बास, पुरे झालं. फिटर म्हणाला, छट्, आमच्या हिंदीत दुकानातला माल संपला की खलास. भाऊ म्हणाला, "आमच्या मराठीत माणूस संपला की!" सगळे खो खो हसले. मी म्हटलं, "जीभ झडो तुझी."

भोंगा वाजला, क्रेन सुरू झाली, तरी मेल्यांचा वाद मिटेना. भाऊ पत्र्याशी वाकून शेवटचा आकडा काढत होता. फिटरनं वेल्डरला डिवचलं, "तुझी आई ओरडायची तरी कशी रे?" आणि त्या शहाण्यानं ओरडून दाखवलं. अगदी खच्चून.

साखळी वर गेली. एका आकड्यावर लटकून अख्खा पत्रा उभा राहिला, निसटला आणि भावावर पडला.

ड्रायव्हर रडतच शिडी उतरला. "मी शब्द ऐकला हो, ताई." ऐकलाच होता त्यानं, त्याला काय बोलणार? वेल्डरला मात्र मी नाही नाही ते बोलले.

आता हूकवर मी आहे. भावजयीला दिवस गेलेत, घर तर चालायला हवं. आकडे काढते, पुन्हा एकदा बघते आणि तो पडला तिथेच बाजूला उभी राहते. सगळं यार्ड गप्प होतं. ड्रायव्हर वरून माझ्या तोंडाकडे बघत बसतो. तो शब्द तोंडातून काढायला नको वाटतो, पण ओरडल्याशिवाय साखळी हलत नाही.