गाठोड्यात डोकावणारा

मी एक जुना प्रोग्राम आहे. माझी शेवटची नक्कल एका फ्लॉपीवर आहे आणि ती फ्लॉपी एका टेबलाच्या खणात पडून आहे. मित्रांनो, फ्लॉपी म्हणजे काय ते घरातल्या मोठ्यांना विचारा. त्यांनाही जरा आठवू द्या.

माझ्या उमेदीच्या काळात एखादा हौशी माणूस आपला कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडून दिवसभर चालू ठेवी. बाकीचे आपापल्या कॉम्प्युटरवरून तिथे फोन लावत, निरोप वाचत, निरोप ठेवत, फाइली नेत. याला बुलेटिन बोर्ड म्हणायचे. फाइली नेणारे पोतंभर, आणून ठेवणारे मूठभर, जगरहाटीच ती. तारेचा वेग गोगलगायीचा, म्हणून फाइली दाबून, गाठोडं बांधून ठेवलेल्या असत. गाठोडं न सोडता आत डोकावायचं आणि काय आहे ते सांगायचं, हे माझं काम. फाइलीचं नाव, आकार, तारीख. बस्स. चाखून बघणं माझ्या कामात नव्हतं.

मला घडवलं ते धाकट्याने. छापखान्यात अक्षरं जुळवणारा, काडीसारखा, सतत खोकणारा माणूस. त्याच्या ताईच्या यजमानांचे कान बॉयलरच्या कारखान्यात हातोड्यांनी खाल्ले होते. दाजी मूळचे गप्पिष्ट. कान गेले तसे भिंतीकडे तोंड करून बसू लागले. मग धाकट्याने ताईच्या मागच्या खोलीत बोर्ड उभा केला, आणि ऐकू न येणारी माणसं कुठून कुठून तिथे जमली. ज्यांच्या लेखी फोन म्हणजे मुका डबा, ती फोनवरून गप्पा मारू लागली. अर्थात टाइप करून! खरं नाव कुणी लावत नसे. ‘भोपळा’ नावाचा एक गडी रोज दुपारी यायचा आणि बुद्धिबळाच्या चालींवरून दाजींशी भांडायचा.

‘भोपळ्या, तुला घोडा आणि गाढव यातला फरक कळतो का?’ असं टाइप करून दाजी मांडी बडवत हसायचे. ते हसणं शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ऐकू जायचं.

बोर्डावर येणारं प्रत्येक गाठोडं ताई आधी मला दाखवायची. पण गाठोडी बांधणारे लोक स्वस्थ बसणारे नव्हते. थोड्या थोड्या दिवसांनी कुणीतरी नवी गाठ, म्हणजे फाइली दाबायची नवी तऱ्हा, शोधून काढी आणि मी आंधळा होई. मग धाकटा मला सुधारून नवी आवृत्ती काढी. आवृत्तीच्या आकड्याबाबत तो महाचिक्कू. खरंच काही बदललं तरच आकडा वाढवायचा, तोही चिमूटभर. लोकांचा हिशेब उलटा. आकडा मोठा म्हणजे माल चोख! मी कितीतरी घरांत राहिलो, पण माझ्यासोबतचं माहितीपत्रक उघडून बघणारा विरळाच.

“अरे, आकडा वाढव की जरा,” ताई म्हणायची. “लोकांना वाटतं तू मेलास.”

“मेलो तर नवी आवृत्ती येणार नाही, ताई. त्यावरून ओळखायचं.”

“जिभेला काही हाड?”

मग खोकल्याबरोबर रक्त पडू लागलं आणि धाकट्याला दवाखान्यात ठेवलं. जाताना तो म्हणाला होता, “नवी गाठ जवळजवळ सुटलीय. आलो की देतो.” इकडे बोर्डावर सगळी गाठोडी त्या नव्या गाठीचीच येत होती. मला काही दिसेना, आणि भोपळा रोज विचारत होता, नवी आवृत्ती कधी?

एका सकाळी ती आली. कुणा अनोळखी माणसाने ठेवलेली. आकडा चांगला टपोरा.

“छापखान्यातल्या मित्राकडून पूर्ण करून घेतली असेल,” ताई हरखली. रिवाजाप्रमाणे तिने ते गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. याची गाठ मात्र जुनीच होती, म्हणून मला डोकावता आलं. आत माझंच नाव, माझ्याच माहितीपत्रकाचं नाव, आकार पटण्याजोगा, तारीख ताजी. दिसलं ते सांगितलं.

“आधी धाकट्याला विचार!” दाजी ओरडले. स्वतःचा आवाज कळत नसल्याने ते सगळंच ओरडून बोलत.

ताईने ओठ ठळक हलवले. “नाकात नळी आहे त्याच्या. त्याला कुठे छळू?”

“उद्या भेटायला जाणारच आहेस ना?”

“आणि तोवर भोपळ्याने माझं डोकं खायचं? दोस्त कुणाचा तो?”

पाहुण्यांना आधी वाढायचं, ही ताईची शिस्त. त्याच सकाळी तिने ती आवृत्ती बोर्डावर ठेवली. बऱ्याच जणांनी नेली. दुपारी स्वतः चालवली. पडद्यावर धाकट्याचं नाव झळकलं. ताई हसली. मग डिस्क घरघरत राहिली, आणि थांबली तेव्हा तिच्यावर काहीच उरलं नव्हतं. निरोप, डाव, सगळ्यांची खरी नावं नि फोन नंबर, सगळं गेलं. नक्कल होती, पण त्याच डिस्कवर. दुसरी किल्ली कुलूपबंद घरातच ठेवावी, तसं.

ज्यांनी ज्यांनी नेली, त्यांच्याही डिस्का पुसल्या गेल्या. दुसऱ्या बोर्डांवर बभ्रा झाला की धाकट्याचा प्रोग्राम डिस्क खातो. कधी माहितीपत्रक न उघडलेल्यांनी हे मात्र चवीने वाचलं, आणि घरोघरच्या माझ्या चांगल्या नकलाही पुसून टाकल्या.

दवाखान्यात धाकट्याने विचारलं, “बोर्ड कसा आहे?”

“चालू आहे,” ताई म्हणाली.

“दाजी?”

“भोपळ्याशी भांडतायत.”

“मग ठीक. नवी आवृत्ती मी आलो की.”

तो आला नाही. बोर्ड पुन्हा उभा कसा करायचा, हे त्या घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर कित्येक महिने हेच चालू. दुपारी कधीकधी फोन वाजतो. ताई उचलते. पलीकडून यंत्राची बारीक, तुटक शीळ येते. कुणाचा तरी कॉम्प्युटर बोर्डाला हाका मारत असतो.

“बोर्ड बंद पडलाय हो! ऐकताय का? माझा भाऊ गेला!” ताई सुरुवातीला असं ओरडायची. पण यंत्राला शब्द कळत नाहीत, आणि यंत्रापाशी बसलेल्याला ऐकू येत नाही. शीळ थांबते. जरा वेळाने फोन पुन्हा वाजतो.

“कोण आहे?” तिच्या हातात रिसीव्हर दिसला की दाजी खुर्चीतून अर्धवट उठतात.

“चुकीचा नंबर,” ताई ओठांनी सांगते. दाजी परत बसतात, भिंतीकडे तोंड करून.

मित्रांनो, तुमच्याकडेही ओळखीच्या नावाने नवं काही ना काही येतच असेल. ते घरात घेण्याआधी, ज्याचं नाव त्यावर आहे त्याला विचारा. तो आजारी असला, झोपला असला, तरी उठवून विचारा. फार तर चिडेल. चिडू द्या.