थोआच्या नावाची वीट

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे. माझा एक कोपरा उडालेला आहे आणि अंगाचा लाल रंग आता तपकिरीकडे झुकला आहे. वीट म्हटले की तुम्ही नाक मुरडणार, हिला कसले आले आहे आयुष्य, असे म्हणणार. मुरडा बापडे. पण मी भिंतीत गप्प बसून राहिलेली वीट नाही. हनोईतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी सरकारी धान्याचे दुकान होते. त्या दुकानाच्या दारात मी कित्येक वर्षे एका बाईच्या जागी रांगेत उभी राहिले आहे.

माझा जन्म लाल नदीच्या काठच्या भट्टीतला. माती चिकट होती, जाळ कडक होता, त्यामुळे मी चांगली पक्की भाजून निघाले. एका शिंप्याच्या घराच्या भिंतीत मला बसवले आणि तिथे मी सुखात होते. मग लढाईच्या काळात आकाशातून बॉम्ब पडले. आमची भिंत, तो शिंपी आणि त्याचे शिवणयंत्र एकाच ढिगाऱ्यात जमा झाले. माझा कोपरा तेव्हाच उडाला. त्या ढिगाऱ्यातून मला खिएमने उचलले. खिएम ट्राम चालवायचा. चुलीला टेकू म्हणून त्याने मला घरी नेले.

पुढे ती लढाई संपली, पण पोटाची लढाई काही संपली नाही. तांदूळ, मांस, रॉकेल, साबण, जे हवे ते रांगेत उभे राहूनच घ्यावे लागे. दुकान उघडायच्या कितीतरी आधी रांग लागायची आणि माणसांना तर कामावर जायचे असायचे. मग लोकांनी युक्ती काढली. आपल्या जागी काहीतरी ठेवून जायचे. कुणी फुटकी टोपली ठेवी, कुणी जुनी टोपी, कुणी नाव घातलेली वीट. ती वस्तू म्हणजेच तो माणूस. रांग पुढे सरकली की मागचा माणूस पायाने तिलाही पुढे ढकलायचा. एरवी नळावर बादलीसाठी एकमेकांच्या झिंज्या उपटणाऱ्या बायकासुद्धा दुसऱ्याची वीट मागे टाकत नसत. टोपल्या आणि टोप्या चोरीला जात, वाऱ्याने उडत. विटेला कोण नेणार? म्हणून रांगेत आम्हा विटांचा मान मोठा होता. खरे सांगते, मला त्याचा थोडा गर्वही झाला होता.

एका वर्षी उत्तरेच्या सीमेवर पुन्हा तोफा धडाडल्या आणि खिएमला बोलावणे आले. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तो उंबऱ्यावर बसला. मला मांडीवर घेऊन त्याने खिळ्याने माझ्यावर बायकोचे नाव कोरायला घेतले. थोआ समोर भाजी निवडत होती. त्यांची तीन वर्षांची लेक मिएन पेजेची वाटी चाटत होती.

"अहो, हे काय अक्षर म्हणायचं?" थोआ हसली. "ट्राम रुळावरून घसरलीय जणू!"

"मग? कोण गेलंय इथं शाळेत?" खिएम म्हणाला. "वाचता येतंय ना? झालं तर. मी येईपर्यंत ही उभी राहील तुझ्या जागी. उगाच पाय दुखवून घेऊ नकोस."

शेवटचे अक्षर कोरताना खिळा निसटला आणि एक लांब ओरखडा खालपर्यंत गेला. त्यावर ती दोघे कितीतरी वेळ हसली.

खिएम गेला. त्याचे पहिले पत्र यायच्या आत तो गेल्याचा निरोप आला. देहसुद्धा आला नाही. थोआने पूर्वजांच्या वेदीवर त्याचा फोटो ठेवला आणि उदबत्त्या लावल्या. घरात त्याच्या हातचे अक्षर म्हणाल तर माझ्या अंगावर होते तेवढेच.

मित्रांनो, इथून माझे आणि थोआचे खरे नाते सुरू झाले. ती रोज अंधुक उजाडताना मला रांगेत ठेवायची, माझ्यावरून हात फिरवायची आणि विणकामाच्या कारखान्यात पळायची. पण रांगेत पाय लागायचे, फरशीवर अंग घासायचे, पोती अंगावरून जायची. खिएमने कोरलेली अक्षरे दिवसागणिक उथळ होऊ लागली. शेवटी एकदा थोआ शेजारच्या नूआजीला म्हणाली, "आजी, माझी वीट पायानं ढकलू नका ना. हातानं उचलून ठेवा."

"अगंबाई! मग पालखीच आणते की तिच्यासाठी," नूआजी म्हणाली. "माझी कंबर आधीच कामातून गेलीय, त्यात तुझी वीट वाहू?"

थोआने तिच्या कानाशी लागून सांगितले, "त्यांनी कोरलंय हे. जायच्या आदल्या दिवशी."

नूआजीचे तोंड फार तिखट होते. गल्लीतली कुत्रीदेखील तिला वचकून असत. पण आता तिने आवाज उतरवून विचारले, "मग घरात ठेव की वेदीवर. रांगेसाठी दुसरी आण. गावात विटांचा काय दुष्काळ पडलाय?"

"ठेवली असती हो," थोआ म्हणाली. "पण 'ही उभी राहील तुझ्या जागी' असं म्हणाले होते ते. घरात नेऊन ठेवली तर ते गेलेच, असं होईल."

त्या दिवसापासून नूआजी कण्हत कुंथत वाकायची आणि मला दोन्ही हातांनी उचलून पुढे ठेवायची. तिने कुणालाही कारण सांगितले नाही. नुसती ओरडायची, "त्या विटेला पाय लावाल तर याद राखा! पाय मोडून हातात देईन." लोक हसायचे, पण वाकायचे. असे किती हात मला लागले! चिखलाचे, माशांच्या वासाचे, शाईने डागाळलेले. त्या वर्षांत भातात निम्मे भरड धान्य असायचे, दिवे जायचे, सगळ्या गल्लीला मिळून एक नळ होता. तरी मला इतके जपून कुणी कधी हाताळले नव्हते.

पण पाऊस कुणाच्या धाकाला जुमानत नाही. थंडीतली ती आमच्याकडची बारीक भुरभुर दगडालाही खाते, माझी काय कथा! वर्षे गेली आणि माझ्यावरचे नाव तिरपे धरल्याशिवाय दिसेनासे झाले. थोआ मात्र त्याला खिळा लावायला तयार नव्हती. नूआजीने तसे सुचवले तेव्हा ती म्हणाली, "मी कोरलं तर ते माझं अक्षर होईल. त्यांचं कसं राहील?"

आणि मग नव्या वर्षाचा सण आला. सणासाठी डुकराचे मांस आणि चिकट तांदूळ मिळणार होते. नूआजी नेमकी तापाने घरी पडली होती. दुकानात एक नवी बाई लागली होती. रांग नीट करायला ती बाहेर आली आणि मला उचलून म्हणाली, "ही कुणाची? नाव ना गाव. असल्या बेवारशी विटा ठेवून जागा अडवतात!" तिने मला गटाराच्या कडेला भिरकावले. थोआ कारखान्यातून धावत आली तेव्हा मांस संपले होते. त्या वर्षी त्यांच्या घरी सणाच्या चिकट तांदळाच्या वड्यांत मांसाऐवजी नुसती डाळच भरली. थोआला त्याचे काही वाटले नाही. तिने मला गटाराजवळून उचलले, गळ्यातला रुमाल सोडून त्याने पुसले आणि घरी नेले.

मिएनला मात्र फार वाटले. ती आता नऊ वर्षांची झाली होती. तिला बापाबद्दल कुणी फारसे सांगत नसे. त्याचे नाव निघाले की पोर जेवत नसे, म्हणून थोआने तो विषयच बंद केला होता. मिएनला एवढेच कळले की नाव दिसत नाही म्हणून आईची वीट फेकली गेली आणि आईची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना तिने मला अंगणात आणले. आधी तिने पाणी ओतले. मग मला पालथी घालून दगडी पायरीवर घासू लागली. पाटी पुसून घेतल्याशिवाय चांगले अक्षर येत नाही, असे तिला शाळेत शिकवले होते ना! ती खालचा ओठ दातांत धरून जीव लावून घासत होती. खिएमच्या हातची पहिली रेघ गेली. दुसरी गेली. तो निसटलेल्या खिळ्याचा लांब ओरखडा, ज्याच्यावर ती दोघे हसली होती, तोही लाल पाणी होऊन पायरीवरून वाहून गेला. मित्रांनो, बॉम्ब पडले तेव्हा मला इतके दुखले नव्हते. मग माझे अंग कोरडे करून तिने खिळ्याने नवे नाव कोरले. खोल, सरळ, एकसारख्या उंचीचे. वर्गात तिचे अक्षर पहिले होते.

संध्याकाळी थोआ दारात आली. मिएनने मला दोन्ही हातांत धरून पुढे केले.

"आई, बघ! आता कुणीच नाही फेकणार. आधीचं सगळं वेडंवाकडं होतं, ते मी घासून काढलं."

थोआने मला हातात घेतले. तिने मला उजेडाकडे तिरपे धरले, पुन्हा दुसऱ्या बाजूने धरले. मिएन तिच्या तोंडाकडे बघत होती.

"छान आलंय गं अक्षर," थोआ म्हणाली. "अगदी छापल्यासारखं."

"रडतेस का मग?"

"आनंदानं रडतात तसं, वेडे."

मग बादल्या भरलेल्या असतानाही त्याच उचलून ती पाणी आणायच्या निमित्ताने नळावर गेली. तापातून उठलेली नूआजी तिथे होती. तिने थोआकडून सगळे ऐकले आणि ती तरातरा आमच्या दाराकडे निघाली. "थांब, त्या कार्टीला सांगतेच काय केलंस ते!" थोआने तिचा दंड धरला.

"नाही आजी. तुम्हाला माझी शपथ. तिला कळता कामा नये. कधीच नाही. माझं जायचं ते गेलं, आता पोरीच्या मनाला हे कशाला लावू?"

नूआजी ती शपथ पाळतच पुढे वारली.

मला त्यानंतर रांगेतून कुणी फेकले नाही. काही वर्षांनी रांगाच संपल्या. दुकान बंद झाले, बाजारात पाहिजे ते मिळू लागले. मी लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून बसले, नंतर जिन्याखाली पडून राहिले. माझी तक्रार नाही. ज्याच्यासाठी थोआ मला जपत होती ते माझ्याजवळ उरलेच नव्हते.

गेल्या सणाला गल्लीच्या सभागृहात 'आपले जुने दिवस' असे प्रदर्शन भरले. कुणी ॲल्युमिनियमचे पातेले आणले, कुणी तुटकी सायकल, कुणी रॉकेलचा स्टोव्ह. लोक त्या वस्तूंपुढे उभे राहून हसत होते आणि डोळे पुसत होते. "पोट रिकामं, पण काय दिवस होते राव!" असे म्हणत होते. मिएन आता पन्नाशीची झाली आहे. तिने मला शोधून धुतले आणि मधल्या टेबलावर लाल कापडावर ठेवले. शेजारी खुर्चीत थोआ बसली होती, केस पांढरे झालेली.

"हे नाव मी स्वतः कोरलंय, नऊ वर्षांची असताना," मिएन शाळेच्या मुलांना सांगत होती. "आई इतकी खूश झाली होती की रडलीच! हो की नाही गं आई?"

"हो," थोआ म्हणाली. "फार खूश झाले होते."

मुले पुढच्या टेबलाकडे पळाली. मिएनही त्यांच्यामागे गेली. थोआने इकडेतिकडे पाहिले आणि माझ्यावर बोट ठेवले. लेकीच्या सरळ अक्षरांमधून, त्यांच्या कडेने, खाली, जिथे तो लांब ओरखडा जायचा तिथपर्यंत ते बोट सावकाश फिरले. पुन्हा फिरले. इतक्या वर्षांनी ती काय शोधत होती ते मला ठाऊक होते आणि तिथे काही नव्हते.

"आई, काय हे, हाताला सगळी लाल धूळ लागली!" मिएन परत आली. तिने रुमाल काढला आणि आईचे बोट प्रेमाने स्वच्छ पुसून दिले.

मित्रांनो, मिएन वाईट नाही. तिच्यासारखी लेक शोधून मिळायची नाही. थोआनेही वाईट केले नाही. तरी माझे ऐका. घरात एखादी जुनी वस्तू दिसली, तिच्यावर वेडीवाकडी रेघ दिसली, तर ती पुसण्याआधी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा, ही कुणाच्या हातची? आणि ते सांगतील तेव्हा जवळ बसून ऐका. मिएनला विचारायचे सुचले नाही, थोआने सांगितले नाही आणि मला तर तोंडच नव्हते. माझ्या अंगावर आता फार सुंदर अक्षर आहे. येणारे-जाणारे सगळे त्याचे कौतुक करतात, आणि थोआ प्रत्येकाला मान हलवून हो म्हणते.