साहेब स्वतः येतात

पाणीपुरवठा कार्यालयाच्या फेसबुक पानावर तीन वर्षं लोकांच्या शिव्या झेलून गोड उत्तरं देणाऱ्या बाईंना ऑफिसात सगळे उत्तरबाई म्हणत. उत्तराखाली नाव मात्र साहेबांचं. लोकाभिमुख कारभाराचं बक्षीसही साहेबांनाच मिळालं. तेवढं बाईंनी गिळलं असतं. पण टीव्हीवरच्या मुलाखतीत साहेब छाती फुगवून म्हणाले, "प्रत्येक उत्तर मी स्वतः लिहितो. ऑफिसात एक बाई आहेत, त्या बटण दाबतात." आणि नमुना वाचून दाखवला : "नळ आणि जावई, दोघांची वाट बघावी, नावं ठेवू नयेत."

घरी टीव्हीसमोर बसलेल्या बाईंच्या सासूबाई ताडकन उठल्या. "अगं, ही तर माझी म्हण! या मेल्यानं कुठून ढापली?"

"मीच लिहिली होती उत्तरात, आई."

"आणि आता मूग गिळून बसणार?"

"छे. साहेबांचा शब्द खाली पडू देणार नाही."

एरवी बाईंचं उत्तर 'लवकरच लक्ष घालू' असं संपायचं. सोमवारपासून ते असं संपू लागलं : 'उद्या सकाळी साडेसातला मी स्वतः येतो. नळ दाखवा.' दर उत्तराला वेगळी वेळ, वेगळी गल्ली. नियमाप्रमाणे उत्तरांची छापील यादी सहीला गेली. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही ठोकली.

मंगळवारी अकराला रिकाम्या बादल्या घेऊन वीसेक माणसं ऑफिसात थडकली. आपापल्या वेळेपासून वाट बघून तापलेली.

"कुणी लिहिलं हे?" साहेब गरजले.

"तुम्हीच, साहेब," बाई सगळ्यांसमोर नम्रपणे म्हणाल्या. "मी बटण दाबते." आणि सहीचा कागद पुढे केला.

टीव्हीवर बोललेलं गिळता येईना. साहेब निघाले. नऊ दिवस जिने चढले, मोऱ्यांत वाकले, अंगावर गंजकं पाणी घेतलं. लोक फोटो काढून पानावर टाकत. प्रत्येक फोटोला बाई आभार मानत, साहेबांच्या नावानं.

दहाव्या दिवशी साहेब कंबर धरून बाईंच्या टेबलाशी आले. "पुरे करा आता. काय हवंय तुम्हाला?"

"एक पोस्ट. उत्तरं कोण लिहितं, ते सांगणारी. तुम्ही स्वतः लिहा."

दोन ओळींना साहेबांना तासभर लागला. बाईंचं पूर्ण नाव काय, तेही विचारावं लागलं. बाईंनी सांगितलं, एकेक अक्षर तपासलं आणि मग बटण दाबलं.

"झालं ना? उद्याच्या भेटी रद्द करा."

"लोकांना शब्द दिलाय, साहेब. अजून चौदा घरं आहेत."

साहेबांनी यादी ओढून घेतली. शेवटचा पत्ता पाहून थबकले. "हे तर तुमचंच घर! तुमच्याकडे पाणी येत नाही?"

"धो धो येतं. पण सासूबाईंची तक्रार आहे, म्हणीबद्दल. चौथा मजला, लिफ्ट बंद."