अक्काची मर्जी

सूर्यभान जज्ज निवृत्त होऊन नगरला राहायला आले, तेव्हा त्यांची एक गोष्ट जो तो सांगायचा. वाटपाच्या दाव्यात एखादी बहीण 'मला हिस्सा नको' म्हणाली, की हे गृहस्थ तिच्या भावांना कोर्टाबाहेर काढायचे. मग हलक्या आवाजात विचारायचे, "बाई, हे तुमच्या मर्जीनं ना? कुणी दटावलं नाही ना?" ती 'मर्जीनं' म्हणाली, की तसं लिहून घ्यायचे. बदली कुठंही होवो, ही पद्धत त्यांनी मोडली नाही. निरोप समारंभात त्यावर टाळ्या पडल्या आणि साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. येणारच की हो. माणसाला स्वतःच्या एखाद्या गोष्टीचा अभिमान नको, तर आरशात बघायचं कसं?

आणि हेच साहेब आज मिरजगावच्या मळ्यात, विहिरीवरच्या खोलीसमोर घाम पुसत उभे होते.

मळा त्यांचा आणि त्यांच्या मयत भावाच्या मुलाचा, कल्याणचा. हायवेला लागून असल्यानं एका हॉटेलवाल्याला तो हवा होता. आज कर्जतला खरेदीखत व्हायचं होतं, साहेबांच्या सहीवाचून अडलेलं. पण खोलीच्या ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बनुबाई येऊन बसली होती, साहेबांची थोरली बहीण. तिला खर्ड्याला दिली होती. नवरा गेला, मूलबाळ नाही, आणि आता दिरांनी 'माहेर बघा' म्हणून वाटेला लावली.

"भाना, मला जमीन नको," ती म्हणाली. "ही खोली तेवढी ठिव. मरंस्तोर हितंच ऱ्हाईन."

कायद्यानं तिचं तिथं काही नव्हतं. वडील गेल्यावर तिनं दोन्ही भावांना हक्कसोड करून दिलं होतं, भावांनी तिला साडी नेसवली होती. चारचौघांत होतं तसंच. साहेब तेव्हा नवेनवे जज्ज झालेले. 'अक्का, इथं कर सही' म्हणून कागदावर बोट त्यांनीच ठेवलं होतं.

साहेबांच्या एकाएकी ध्यानात आलं. जन्मभर परक्या बायांना विचारलं आणि सख्ख्या बहिणीला विचारायचं राहूनच गेलं. त्यांनी कल्याणला सांगितलं, "तू जरा बांधापलीकडं जा."

कल्याण तोंड वाकडं करत गेला. साहेब ओट्यावर टेकले. जुन्या सवयीनं त्यांचा आवाज आपोआप हलका झाला.

"अक्का, हक्कसोड केलंस, ते तुझ्या मर्जीनं ना?"

बनुबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. "न्हाई रं. आसली मर्जी कुनाची आसती? पर सही न्हाई केली, तर माहेर तुटतंय. दिवाळीला मग कोन न्यायला येनार?"

"मी तेव्हा विचारलं असतं, तर हे सांगितलं असतंस?"

"न्हाई. मर्जीनं, आसंच म्हन्ले आसते."

"भावांना बाहेर घालवून विचारलं असतं, तरी?"

"बाहेर म्हंजी कुठं? दाराशीच की. आन् परत त्यांच्याच गाडीत बसून घरी जायचं आसतंय, भाना."

साहेबांना आपली कोर्टं आठवली. किती जणी पदर सावरत समोर उभ्या राहिल्या असतील. त्यांतल्या एकीनं तरी 'मर्जी नाही' म्हटलं होतं का? त्यांनी खूप आठवून पाहिलं. एकीनंही नाही. आणि इतकी वर्षं त्यांना त्याचंच समाधान वाटत आलं होतं.

कल्याण परत आला. "तात्या, चला. तिकडं कर्जतला लोक खोळंबलेत."

"मी सही करत नाही. ही खोली अक्काची आहे."

कल्याणचा चेहरा पडला. मग तो आत्याकडं वळला आणि गोडीत म्हणाला, "आत्या, तुमीच सांगा यांना. हक्क मर्जीनं सोडला ना? कुनी जबरदस्ती केल्ती का?"

बनुबाईनं पदर कपाळावर ओढला. भावाकडं बघायचं टाळून ती म्हणाली, "मर्जीनंच सोडला बाबा. माझं काय म्हननं न्हाई."

साहेबांनी तो आवाज ओळखला. प्रत्येक कोर्टात तो त्यांनी ऐकला होता, आणि खाली सही करून पुढचा दावा पुकारायला लावला होता.

"कल्याण, तू गाडी घेऊन जा," ते म्हणाले. अक्काच्या मांडीवरची पिशवी त्यांनी उचलली आणि आत खोलीत नेऊन ठेवली.